विहिरीच्या तळाला, भुयारात ड्रिल चालवायचंय? आधी वायरचा आणि हवेचा हिशोब करा

मे महिना लागला की आमच्याकडं बीड जिल्ह्यात अंबाजोगाई, केज, धारूर या पट्ट्यात विहिरी खोल करायची कामं निघतात. पाणी तळाला गेलेलं असतं, रान रिकामं असतं, यारी, म्हणजे गाळ-दगड वर ओढायचं यंत्र, दारात येऊन उभी राहते आणि मग मला फोन यायला लागतात की भाऊ, खाली ब्रेकर (दगड फोडायचं मशीन) चालवायचाय, वायर किती मीटर आणू. मी वायरमन. आयटीआय झाल्यापासून हीच कामं करायलोय, विहिरीच्या तळाला, झऱ्याच्या दिशेनं मारलेल्या आडव्या भुयारात, गाळानं बुजलेल्या बारवेत लाईट पोचवायचं काम बऱ्याचदा केलंय. प्रश्न दरवर्षी तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, लांब झालंय पण सावकाश वाचा, कारण खाली आपलाच माणूस उतरणार असतो.

पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची म्हणून आधीच सांगतो. इंजिन कुठलंही असो, पेट्रोलचं जनरेटर असो, डिझेल पंप असो, ते विहिरीत किंवा भुयारात उतरवायचं नाही. दहा मिनिटांसाठी नाही, "तोंड तर उघडंच आहे की" म्हणूनही नाही. धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, माणसाला नुसतं डोकं जड वाटतं, मळमळतं, पाय लटपटायला लागतात आणि शिडी चढायची ताकदच राहत नाही. आमच्या चुलत्यांच्या विहिरीत एकदा पाणी उपसायला छोटं इंजिन कपारीवर ठेवलं होतं, मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा. खालचा गडी वर बघून नुसता हात हलवायलाय, बोलत नाही, आम्हाला वाटलं पाणी मागायलाय. चुलते शहाणे, त्यांनी त्याला खाली उतरायच्या आधीच कमरेला दोर बांधायला लावला होता म्हणून वरूनच ओढून काढता आला. तो वाचला. त्याच्या मागं कोणी वाचवायला उतरलं असतं तर दोघं गेले असते, अशा घटनांत दुसरा आणि तिसरा माणूस बहुतेक वेळा वाचवायलाच उतरलेला असतो.

म्हणजे वीज तयार करायची वर, खाली फक्त वायर न्यायची. आता ती कशी, ते बघू.

मशीन किती खातं ते आधी वाचा

प्रत्येक मशीनच्या बुडाला पत्रा असतो, त्यावर वॅट लिहिलेले असतात. छोटं रोटरी हॅमर, ज्याला एसडीएस बिट बसतं, ते साधारण ८०० वॅटचं. काळा पाषाण फोडायचा ब्रेकर १५०० ते १७०० वॅटचा. १६०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर ७ अँपिअरच्या आसपास ओढतं. हा ७ चा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर आहे.

आपल्याकडं विहीर डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) किंवा मीटरपासून कधी जवळ नसते. समजा ९० मीटर वायर लागली. करंट जातो ९० आणि परत येतो ९०, म्हणजे तांबं झालं १८० मीटर. एक एमएमची, म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याची, वायर टाकली तर एवढ्या लांबीत जवळपास २५ व्होल्ट वायरच खाते. दीडच्या वायरीत १७, अडीचच्या वायरीत १०, चारच्या वायरीत ६. आता शेतात संध्याकाळी आधीच १९५ व्होल्ट मिळायलेत असं धरा, त्यातून २५ गेले, मशीनला राहिले १७०. ढोबळमानानं मशीनची ताकद निम्म्यावर येते. मग गडी काय करतो, जोर लावतो, मशीन दाबतो, मशीन कण्हत चालतं, आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरता भाग, तापतं आणि दुपारपर्यंत जळकट वास येतो. दुकानदाराला शिव्या बसतात, चूक वायरीची असते. ५० मीटरच्या पुढं ब्रेकर चालवायचा असेल तर अडीचच्या खाली येऊच नका, ९०-१०० मीटरला चारची मिळाली तर उत्तमच. वायर तांब्याची, फ्लेक्झिबल, जाड रबरी आवरणाची घ्या. घरात फिटिंगला वापरतो ती सिंगल वायर पिळून खाली सोडतात काहीजण, ती खडकाच्या धारेवर एका दिवसात सोलते.

आणि वायर ड्रमवर गुंडाळलेली ठेवून वापरू नका. हे मी स्वतः शिकलो ते नुकसान सोसून. एका बारवेच्या कामाला ९० मीटरचा एक एमएमचा ड्रम नेला, लागली फक्त ३० मीटर, बाकीची ड्रमवरच राहू दिली. वरच्या हिशोबानं त्या सगळ्या वायरीत १७० वॅट उष्णता तयार होते, त्यातली ११५ च्या आसपास ड्रमवरच्या ६० मीटरात, जुना पिवळा १०० चा बल्ब पेटवून गुंडाळीत कोंबल्यासारखं. दोन तासांनी हात लावला तर ड्रम चटका देत होता, उलगडायला गेलो तर वेढे एकमेकांना चिकटलेले, ओढलं की आवरणाची साल निघायली आणि आत तांबं दिसायलं. त्याच वायरीचं दुसरं टोक खाली ओल्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात होतं. तेव्हापासून वायर जेवढी असेल तेवढी सगळी उलगडून सावलीत पसरतो, वेढे न घालता.

शेतातली लाईट घ्यायची असेल तर

शेतीची थ्री फेज आठ-दहा तास, कधी दिवसा कधी रात्री, हे आपल्याला माहीतच आहे, त्यामुळं लाईट ज्या आठवड्यात दिवसा असेल त्या आठवड्यातच काम धरा, रात्री खाली उतरून खोदू नका. आकडा टाकून तर अजिबात नको. आणि एक प्रकार आपल्या भागात सर्रास चालतो तो सांगतोच, फेज एक तार घ्यायची आणि न्यूट्रल म्हणून जमिनीत ठोकलेली सळई वापरायची. मोटार चालते, बल्ब पेटतो, म्हणून लोकांना वाटतं बरोबर आहे. पण ती सळई कोरड्या मातीत असली की तिच्याभोवतीची जमीनच जिवंत होते, विहिरीजवळ असली तर ओला काठ, लोखंडी शिडी, यारीचा दोर, कशातही करंट उतरू शकतो. असल्या जोडणीवर खाली मशीन देणार असाल तर मी त्या कामाला येत नाही, तोंडावर सांगतो.

मशीनच्या आधी, वर, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी पाहिजेच. एमसीबी वेगळा आणि आरसीसीबी वेगळा, एमसीबी जास्त करंट गेला की बंद पडून वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. करंट गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे कुठंतरी माणसातून नाहीतर पाण्यातून जमिनीत चालला, हे ओळखून तो झटक्यात बंद करतो. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी टेस्टचं बटण दाबून बघा.

जनरेटरवर एक फसवी गोष्ट

इथं जरा थांबून वाचा, कारण हे बऱ्याच वायरमन लोकांनाही सांगावं लागतं. छोट्या पोर्टेबल जनरेटरमध्ये बहुतेक वेळा न्यूट्रल बॉडीला किंवा आर्थिंगला जोडलेला नसतो, दोन्ही तारा मोकळ्या असतात. अशा जनरेटरपुढं आरसीसीबी लावला तर तो नुसता शोभेला राहतो, कारण लीकेज झालेल्या करंटला परत जनरेटरकडं यायला रस्ताच नाही, मग फरक पडणार कसा आणि तो पडल्याशिवाय आरसीसीबी उडणार कसा. आणि टेस्टचं बटण दाबलं तर तरीही तो उडतो! बटणाचं सर्किट आरसीसीबीच्या आतच असतं, त्याला आर्थिंग लागत नाही. म्हणून बटण उडालं म्हणजे आपण सुरक्षित, असं जनरेटरवर समजू नका. जाणकार वायरमनकडून जनरेटरच्या जागेवरच न्यूट्रल, बॉडी आणि आर्थिंगची सळई एकत्र जोडून घ्या, त्याच्यापुढं आरसीसीबी, आणि त्याच्यापुढं खाली जाणारी तीन तारांची केबल. सळईभोवती पाणी ओतून माती ओली ठेवा, मे महिन्यातल्या काळ्या रानात भेगा एवढ्या पडतात की सळई नुसती हवेत उभी असते.

साईज किती घ्यायचा, तर ३ केव्हीएचा जनरेटर म्हणजे धरून चाला २४०० वॅट. त्यावर १६०० चा ब्रेकर, २०० चा ब्लोअर आणि दोन एलईडी निवांत चालतात. पण त्याच जनरेटरवर एक एचपीची पाण्याची मोटार जोडली तर गोंधळ होतो, मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, जनरेटर दबतो आणि ब्रेकरवाल्याच्या हातात मशीन अडकतं. आधी पाणी उपसा, मोटार बंद करा, मग ब्रेकर. तसंही पाण्यात उभं राहून २३० व्होल्टचं मशीन चालवायचं नाही. मशीनवर एकात एक दोन चौकोनांची खूण असते, म्हणजे डबल इन्सुलेशन, आर्थिंग लागत नाही, खरं आहे, पण ते कोरड्यातलं खरं आहे. पाणी आत गेलं की दोन्ही इन्सुलेशन एकदमच जातात.

जनरेटर ठेवायचा कुठं? काठापासून १०-१५ मीटर लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे धूर विहिरीवरून न जाता लांब जाईल असा. दुपारनंतर वारा फिरतो, तेव्हा परत बघा.

बॅटरीवरचं मशीन

बाहेरच्या देशात नैसर्गिक गुहांमध्ये बुजलेले रस्ते मोकळे करणारी हौशी मंडळी असतात, इंग्लंडमधल्या मेंडिप टेकड्यांसारख्या ठिकाणी, ते बहुतेक बॅटरीचं हॅमर ड्रिलच नेतात कारण गुहेत वायर ओढत किती लांब जाणार. पण त्यांचा दगड चुनखडीचा. आपला काळा पाषाण, बेसॉल्ट, तो त्याहून कितीतरी चिवट, त्यामुळं त्यांचे व्हिडिओ बघून बॅटऱ्यांचा अंदाज बांधू नका.

१८ व्होल्ट ५ अँपिअर अवरची बॅटरी म्हणजे ९० वॅट अवर. मशीन सरासरी साडेपाचशे वॅट ओढत असेल तर खटका दाबलेली दहा मिनिटं, बस. सहा बॅटऱ्या असतील तर तासभराचं खरं काम. आडव्या भुयारात, अवघडलेल्या जागेत, पाचरीसाठी भोकं पाडायला हे मला सगळ्यात आवडतं, शॉकची भीती जवळजवळ नाही, पायात वायर नाही. ब्रेकरचं दिवसभराचं काम मात्र त्यावर होत नाही. वर चार्जिंगला ऊन आपल्याकडं भरपूर आहे, १०० वॅटचं सोलर पॅनल दिवसात चार बॅटऱ्या आरामात भरतं. फक्त त्या बॅटऱ्या उन्हात ठेवू नका, ४२-४३ डिग्रीत पत्र्यावर ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर मरते, खालून गरम आलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, सावलीत गार होऊ द्या. खाली नेताना घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात न्या.

घरचा इन्व्हर्टर आणि ट्यूबलर बॅटरी नेली तर चालेल का, हे पुष्कळ जण विचारतात. १५० अँपिअर अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट अवर, पण लेड ॲसिड अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य जातं, आणि एकदम जास्त करंट ओढला की ती अर्ध्याहूनही कमी देते. ९०० व्हीएच्या घरच्या इन्व्हर्टरवर ८०० वॅटचं हॅमर लावलं तर बऱ्याचदा ओव्हरलोडची शिट्टी वाजते. मोठा इन्व्हर्टर असेल तर अडीअडचणीला चालतं. तेव्हा इन्व्हर्टर बॅटरीला चिकटून ठेवा आणि लांब वायर २३० व्होल्टच्या बाजूला टाका, उलटं करू नका, कारण १२ व्होल्टवर तेच ८०० वॅट काढायला ७५ अँपिअरच्या आसपास करंट लागतो आणि तेवढा करंट लांबवर न्यायला मनगटाएवढी केबल लागेल. जनरेटरवाली आरसीसीबीची गोष्ट इथंही लागू आहे.

ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर

खरं सांगायचं तर उभ्या विहिरीत कठीण पाषाण असेल तर ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरला तोड नाही. खाली वीजच जात नाही, नुसती हवा जाते, पाणी असलं तरी हरकत नाही, आणि जॅकहॅमरमधून सुटलेली हवा खालच्या माणसाला थोडी मिळते. पण तिथंही तीच चूक होते, ट्रॅक्टरचा धूर कॉम्प्रेसरच्याच हवा ओढायच्या फिल्टरकडं जात असेल तर तो विषारी धूर आपण स्वतः दाबून खाली पाठवतो. ट्रॅक्टर असा उभा करा की सायलेन्सर वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहील. होजच्या प्रत्येक जोडाला साखळी नाहीतर तारेचा फास पाहिजे, सहा-सात बार प्रेशरमध्ये सुटलेला पाईप सापासारखा फटके मारतो. हवा बंद करायला पाईप मुडपू नका, वर कॉक आहे त्यालाच हात लावा.

सुरुंगाबद्दल इथं लिहीत नाही, ते परवानाधारकाचंच काम. पण भुयारात सुरुंगाशिवायही दगड निघतो. वीतभर अंतरावर एका रेषेत भोकं पाडायची, त्यात लोखंडी पाचर आणि दोन बाजूंना पट्ट्या बसवायच्या आणि घनानं एकेक ठोका प्रत्येक पाचरीला, रांगेनं. एकाच पाचरीवर राग काढला तर ती अडकते. ठोके मारता मारता आवाज बदलतो, टणटण होती ती बद्द होते, तिथं थांबा, दोन मिनिटं नुसतं बघत राहा, बारीक केसासारखी चीर एका भोकातून दुसऱ्या भोकात चालत जाताना दिसते. दुसरी क्रॅक पावडर, पाण्यात कालवून भोकात भरली की फुगून रात्रभरात दगड फोडते. तिची उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची जात वेगळी असते, मे महिन्यात थंडीची पावडर भरली तर ती भोकातून उसळून डोळ्यात जाऊ शकते, त्यामुळं भरल्यावर भोकात वाकून बघायचं नाही. या दोन्ही पद्धतींना ड्रिल फक्त भोकांपुरतं लागतं, म्हणजे बॅटरीचं मशीन पुरतं, हा त्यांचा मोठा फायदा.

हवा आणि उजेड हाही लोडच धरा

मशीनचा हिशोब सगळे करतात, ब्लोअरचा कोणी करत नाही. १० मीटर आडवं भुयार, सव्वा मीटर रुंद, दीड मीटर उंच, म्हणजे १९ घनमीटरच्या आसपास हवा. तासाला ५०० घनमीटर फेकणारा छोटा ब्लोअर ती हवा तासात २६ वेळा बदलतो, फक्त रुंद प्लास्टिकची नळी पार काम चाललंय त्या टोकापर्यंत न्यायला हवी. नळी विहिरीच्या तळाशी सोडून दिली तर भुयारातली हवा तशीच कोंडलेली राहते. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला छत्रपती संभाजीनगरला नहर-ए-अंबरी काढली तेव्हा वीज नव्हती, पण जमिनीखालच्या त्या नहरीला ठरावीक अंतरावर वर उघडणारी उभी तोंडं ठेवलेली आहेत. आपल्या भुयाराला असलं तोंड नसतं, म्हणून आपला ब्लोअर बंद पडला की मशीन बंद आणि माणूस बाहेर, हा नियम ठेवा. ब्लोअरचं तोंड स्वच्छ हवेकडं, जनरेटरपासून लांब.

कंदील खाली सोडून बघायची जुनी पद्धत आहे, विझला तर प्राणवायू कमी हे कळतं, पण कार्बन मोनॉक्साईडमध्ये कंदील मस्त जळत राहतो. चार वायू मोजायचं मीटर मिळतं, भाड्यानं का होईना आणा, प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली दाखवला तर उतरायचं नाही. जुन्या, झाकून पडलेल्या विहिरीत आणि बारवेत तर विशेष.

उजेडाची लाईन मशीनच्या लाईनपासून वेगळी ठेवा. आरसीसीबी उडाला आणि त्याबरोबर दिवाही गेला तर अंधारात, फिरतं बिट हातात घेऊन माणूस उभा राहतो. खाली १२ व्होल्टचा एलईडी, छोट्या बॅटरीवर, आणि प्रत्येकाच्या डोक्याला स्वतःची हेडलाईट. धुळीला मास्क, एन ९५ तरी, आपल्या पाषाणात मध्येच गारगोटी आणि स्फटिकाचे गोटे लागतात, त्यांची धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही. इलेक्ट्रिक मशीनवर धूळ बसवायला पाणी ओतू नका मात्र.

वर मेन स्विचजवळ एक माणूस कायम बसलेला पाहिजे, मोबाईल खाली लागत नाही म्हणून दोराच्या खुणा ठरवून घ्या, एक हिसका थांबव, दोन हिसके लाईट बंद, तीन वर ओढ. तो चहाला गेला तर खालचं काम थांबलं. आणि वळवाचं आभाळ आलं, लांब कुठं गडगडलं, तर लगेच सगळे वर, केबल आणि यारीचा लोखंडी दोर विजेला आमंत्रणच देतात.

जुन्या लेण्यांचं एक सांगायचं राहिलं. अंबाजोगाईचा हत्तीखाना असो, धाराशिवची लेणी असोत, वेरूळ तर आहेच, संरक्षित स्मारकात ड्रिल लावणं हा गुन्हा आहे, केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत खोदकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरात परवानगी लागते. बारव संरक्षित नसली तरी तिच्या चिऱ्यांना ब्रेकर लावू नका, गाळ काढायला फावडं, घमेलं आणि उपसायला मोटार एवढंच पुरतं, हादऱ्यानं शेकडो वर्षांचा कोरडा सांधा निसटतो आणि तो परत कोणाला बसवता येत नाही.

संध्याकाळी काम आटोपलं की मेन बंद करून मी एकच करतो, प्रत्येक प्लगच्या पिना बोटानं चाचपतो. कोमट असली तर ठीक, चटका देणारी किंवा काळी पडलेली पिन दिसली तर तो प्लग तिथंच कापून टाकतो, उद्या सकाळी नवा बसवल्याशिवाय खाली वायर सोडत नाही. मग केबल ओल्या फडक्यानं नाही, कोरड्या फडक्यानं पुसत पुसत हातातून घेतो, कुठं काप, सोलवटलेलं, चेपलेलं लागतंय का बघत. ९० मीटरला पंधरा मिनिटं लागतात.